संगीताच्या तासाला आवाज येत नाही?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला शालेय संगीत आणि पर्यावरण यांची सांगड घालणारा लेख वाचला. विषय काढलात, त्याबद्दल आभार. पण सुचवलेला उपाय वाचून कपाळावर हात मारला. शाळाशाळांतून म्हणे पर्यावरणगीतांच्या स्पर्धा घ्या! अहो, त्या चालूच आहेत. ५ जूनला आपल्याकडे सुट्टी, म्हणून शाळा उघडल्यावर पर्यावरण दिन साजरा होतो. तेव्हा ठाण्यातल्या कुठल्याही शाळेवरून चक्कर मारा. झाडांचे गुणगान सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर, ट्रॅक मोबाइलवरचा आणि स्पीकर असे की गुलमोहरावरचे कावळे थेट घोडबंदरला पोचावेत. शांतता क्षेत्राच्या व्याख्येत शाळेभोवतीचे १०० मीटर येतात आणि तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. परीक्षकांना बुके देताना ते कोणाला आठवणार?

मी ठाण्यातल्या एका शाळेत संगीत शिकवत असे. मार्चमधली गोष्ट, सातवीचा वर्ग. खिडकीबाहेरच्या पिंपळावर तांबट पक्षी लागला होता. टुक् टुक् टुक्, एका लयीत. मी पेटी मिटली आणि मुलांना म्हटले, टाळी नको, तोंड नको. याच्या ठोक्यावर मनात तीनताल धरा, सोळा मात्रा झाल्या की बोट वर. आधी बोटे वाटेल तशी वर गेली. मग हळूहळू अर्धा वर्ग समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकत्र यायला लागला. शेवटच्या बाकावरची, एरवी बाकच वाजवणारी दोन मुलेसुद्धा! तेवढ्यात कोकीळ सुरू झाला. प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा चढी. एका मुलीने विचारले, "बाई, हा कुठे जाऊन थांबणार?" मग पुन्हा पेटी उघडून आम्ही त्याचा सूर शोधायला लागलो.

दार उघडून मुख्याध्यापक आत. "बाई, तास चालू आहे ना? बाहेर काहीच आवाज येत नाही."

सांगितले त्यांना सगळे. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला: गायनाच्या तासाला वर्गात शांतता असल्याचे निदर्शनास आले आहे. वर वार्षिक परीक्षेपर्यंत तो तास गणिताकडे! गणिताच्या सरांचा वर्ग शांत असला की मात्र शिस्त.

लेखात "संगीत शिक्षकांनी पुढाकार घ्यावा" असेही वाक्य आहे. कोणत्या हो? मी निवृत्त झाले, जागा भरलीच नाही. आता ट्रॅक लावण्याचे काम पीटीचे सर करतात. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, द्यावा, असे शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून आहे. असू दे बापडे.

षड्ज म्हणजे सा हा स्वर मोराचा, मध्यम क्रौंच पक्ष्याचा, पंचम कोकिळाचा हे आपल्या जुन्या ग्रंथांत आहे आणि मुले ते एका मार्कासाठी पाठ करतात. कोकीळ खिडकीबाहेर ओरडत असतो. येऊरचे जंगल रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथल्या पाड्यांवर वारली माणसे राहतात. वाळवलेला दुधी, बांबू आणि मेण यांतून तारपा हे त्यांचे फुंकून वाजवायचे वाद्य कसे उभे राहते, हे त्यांच्यातल्या एखाद्या जाणत्याकडून मुलांना एकदा पाहू द्या. मानधन मात्र द्या, नुसते शाल-श्रीफळ नको. तेवढ्यासाठी स्पर्धा नको, ट्रॉफी तर नकोच.

जाता जाता: लेखासोबतच्या फोटोत तंबोरा आहे आणि खाली छापलेय "सतार". पडदे सतारीला असतात, तंबोऱ्याला नसतात. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये वेगवेगळे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि कोपऱ्यात नको, जिथे चूक छापलीत तिथेच.

एक निवृत्त संगीत शिक्षिका,
नौपाडा, ठाणे