सप्तशतीतला वैश्य हरवतो कुठे?

महोदय,

नवरात्र तोंडावर आले की गोव्यात सप्तशतीच्या, म्हणजे देवीमाहात्म्याच्या तेरा अध्यायांच्या पाठासाठी भटजींची वेळ मिळणे मुश्कील होते. संकल्पात आरोग्य, संतती, नोकरी, कोर्टातला खटलासुद्धा येतो. मुक्ती क्वचितच. मोक्ष हा वेदान्ताचा प्रांत आणि देवी संसारापुरती, असा समज त्यामागे दिसतो. ग्रंथ मात्र तसे म्हणत नाही.

पहिल्याच अध्यायात, राज्य गमावून रानात आलेल्या सुरथ राजाला शत्रूच्या हाती गेलेल्या हत्तीची काळजी पोखरते. तिथेच त्याला समाधी नावाचा वैश्य भेटतो. बायकामुलांनी पैशापायी हाकललेला, तरी जीव त्यांच्यातच. घर सुटले, गुंता सुटला नाही. असे का, एवढेच दोघे मेधा ऋषींना विचारतात. ज्ञान्यांचीही मने महामाया बळाने मोहात ओढते, असे ऋषी सांगतात. आणि लगेच, ‘सैषा प्रसन्ना वरदा नृणां भवति मुक्तये’, तीच प्रसन्न झाली की माणसाला मुक्ती देते. गाठ मारणारी नि सोडवणारी एकच.

तेराव्या अध्यायात दोघे नदीकाठी मातीची मूर्ती करून तीन वर्षे आराधना करतात. (रोयणीला, म्हणजे वारुळाला, सांतेरी देवी म्हणून पुजणाऱ्या आपल्याला मातीची देवी नवी नाही.) सुरथ राज्य मागतो, ते मिळते, देवी त्याला कमी लेखत नाही. समाधी मागतो ‘मी’ आणि ‘माझे’ ही आसक्ती तोडणारे ज्ञान. तेही मिळते. ललितासहस्रनामात ‘ममताहन्त्री’ आणि ‘मुक्तिदा’ ही नावे आहेत, ती याच अर्थाची.

हा वैश्य हरवतो तो पाठाच्या पद्धतीत. ग्रंथाचे तीन भाग, त्यांना चरित्रे म्हणतात. वेळ नसेल तर एकटे मध्यम चरित्र, म्हणजे अध्याय 2 ते 4 वाचावे, अर्धे चरित्र वाचू नये, असे पाठाला जोडलेल्या वैकृतिक रहस्यात आहे. म्हणजे हा पाठ शास्त्राला धरूनच. पण पहिला आणि तेरावा अध्याय त्यात येत नाही, त्यामुळे समाधीही नाही. चौथ्यात ‘या मुक्तिहेतुः’ हा श्लोक आहे, तो स्तुतीच्या वेगात निघून जातो. पूर्ण पाठ एका बैठकीत केला तर शेवटी नैवेद्याची घाई. पाचव्या अध्यायाचे 129 मंत्र, तेराव्याचे फक्त 29. ते कधी आले नि कधी गेले, यजमानाला कळतही नाही. त्यात पाठाआधी म्हणायच्या अर्गला स्तोत्रातले ‘रूपं देहि जयं देहि’ सर्वांना पाठ, म्हणून अख्खी सप्तशती तेवढीच वाटते.

सात दिवसांची वाटणी परंपरेतच आहे: रोज अनुक्रमे 1, 2, 1, 4, 2, 1 आणि 2 अध्याय. घटस्थापनेला सुरुवात केली तर सातव्या दिवशी बारावा आणि तेरावा मिळून 70 मंत्रच उरतात आणि अर्थ सांगायला सवड मिळते. शिवाय आपल्या देवळांत नवरात्रात रात्री देवीला सजवलेल्या मखरात बसवून झुलवतात, त्याआधी मराठी कीर्तन असतेच. महिषासुर दरवर्षी रंगतो. नऊ रात्रींतली एक सुरथ-समाधीच्या आख्यानाला द्यावी, आणि पुरोहितांनी संकल्प सोडण्यापूर्वी यजमानाला दोघांचेही मागणे सांगावे.

– एक पुराणवाचक, फोंडा