दिवाळीला येत नाही, त्याबद्दल

म्युनिक, सप्टेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर जे सांगायचे होते ते माझ्याने सांगवले नाही, आणि आईने अनारशांच्या पिठाचा विषय काढल्यावर तर मुळीच नाही. म्हणून लिहीत आहे. यंदा मी दिवाळीला येणार नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी इटलीतल्या तोस्काना प्रांतात आठ दिवस सायकलीने फिरायला जाणार आहे. पैसे भरून झाले आहेत आणि रजाही मंजूर झाली आहे. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला कळते. पण विचारले असते तर बाबा लगेच ‘जा’ म्हणाले असते आणि आई गप्प बसली असती, आणि आईच्या त्या गप्प बसण्यापुढे माझा निश्चय टिकला नसता.

रजेचा हिशेब मी तीन वेळा मांडून पाहिला. वर्षाच्या तीस दिवसांपैकी पंधरा मार्चमध्ये संपले, सहा इटलीला लागतील आणि नऊ उरतील. दिवाळीला आले असते तर येण्याजाण्याचे दिवस वजा करून जेमतेम आठवडाभर राहता आले असते, तोही सगळा फराळाच्या आणि पाहुण्यांच्या गडबडीत. डिसेंबरात नाताळच्या सुट्ट्या जोडून येत असल्यामुळे त्याच नऊ दिवसांचे जवळजवळ तीन आठवडे होतात. मार्चचा उल्लेख केवळ हिशेबापुरता आहे, बाबा, तो मनाला लावून घेऊ नका. ते पंधरा दिवस मी तुमच्याजवळ होते याचे मला जे समाधान आहे, ते दुसऱ्या कुठल्याही रजेने मला मिळाले नसते. भाऊबिजेचे मी दादाशी स्वतः बोलले आहे. तो आणि वहिनी धनत्रयोदशीलाच येतील आणि पाडव्यानंतरही दोन दिवस राहतील.

आता हे इटलीचे मनात आले कसे, ते सांगते. बाबा, मार्चमध्ये तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेन्ट घातल्यानंतरच्या दुसऱ्या रात्री मी तुमच्या खाटेशेजारी बसले होते. तुम्ही अर्धवट झोपेत १९७२ सालच्या पुणे-खंडाळा सायकल सहलीबद्दल बोलत होतात. कामशेतच्या पुढे कुणाची चेन तुटली, ती पुन्हा कशी जोडली, घाटाच्या तोंडाशी मिळालेल्या चहाची चव कशी होती, हे सगळे तुम्हाला काल घडल्यासारखे आठवत होते. मग डोळे उघडून तुम्ही मला विचारलेत की जिन्याखालच्या रॅले सायकलीच्या चाकांत हवा आहे का. मी ‘आहे’ म्हणाले. ती नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते. म्युनिकला परतल्यावर महिनाभरात मी नाव नोंदवले.

सहलीच्या शेवटच्या रविवारी गायोले नावाच्या छोट्या गावात ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी असते. ही शर्यत नव्हे. तोस्कानातल्या किआंती भागातले पांढऱ्या मुरुमाचे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊन नाहीसे होऊ नयेत आणि जुन्या काळचे सायकलपटू ज्या रस्त्यांवर घडले ते रस्ते लोकांच्या पायाखाली राहावेत, एवढ्यासाठी १९९७ साली तिथल्या मंडळींनी ती सुरू केली. पहिल्या वर्षी फक्त ९२ जण आले होते. आता हजारो येतात. तिचे नियम वाचताना मला पानोपानी तुम्ही दिसलात, बाबा. सायकल साधारणपणे १९८७ पूर्वीच्या बनावटीची हवी. गिअरचे दांडे हँडलवर चालत नाहीत, ते पुढच्या तिरप्या नळीवर असावे लागतात. ब्रेकच्या तारा हँडलच्या वरून उघड्या गेलेल्या हव्यात आणि पेडलला पाऊल अडकवण्याची पट्टी हवी. अंगात लोकरी जर्सी घालायची. सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरचा आहे, पण काळजी करू नका, मी सर्वांत छोट्यांपैकी, ४६ किलोमीटरचा मार्ग निवडला आहे. त्यात वेळ गाठण्याची घाई नसते आणि वाटेत कितीही वेळा उतरून उभे राहिले तरी कुणी काही म्हणत नाही.

त्यासाठी मी इथल्या एका वृद्ध कारागिराकडून फिकट हिरव्या-निळ्या रंगाची जुनी पोलादी बियांकी सायकल विकत घेतली आहे. एदोआर्दो बियांकी यांनी मिलानमध्ये १८८५ साली हा कारखाना काढला, आणि हा रंग त्यांच्या सायकलींची ओळखच होऊन बसला आहे. मागचे चाक काढताना पाना शोधत बसावे लागत नाही, एक तरफ फिरवली की चाक हातात येते. या तरफेची गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. १९२० च्या दशकात मागच्या चाकाला दोन्ही अंगांना वेगवेगळ्या आकाराची दातेरी चक्रे असत, आणि चढ लागला की उतरून, चाक काढून, उलटे बसवावे लागे. तुल्यो काम्पान्योलो नावाचा एक तरुण १९२७ साली डोंगरातल्या शर्यतीत थंडीने बोटे गोठल्यामुळे चाकाचे पंखाच्या आकाराचे नट पिळू शकला नाही आणि मागे पडला, असे सांगतात. त्यातून त्याने ही तरफ शोधली, आणि १९३३ साली विचेन्झा इथे स्वतःचा कारखाना काढला. तुम्ही मला पहिल्यांदा मागचे चाक काढायला शिकवलेत तेव्हा मी दहा वर्षांची होते. ग्रीस फ्रॉकला लागले, आई तुमच्यावर रागावली, आणि तुम्ही तो फ्रॉक रॉकेलने धुऊन दिलात. चाक अजूनही मी तुमच्याच पद्धतीने बसवते, आधी चेन, मग धुरा, आणि शेवटी हाताने एकदा फिरवून ते डगमगते का ते पाहणे.

आमची सुरुवात फ्लॉरेन्सला आहे. शहराबाहेरच पोन्ते आ एमा नावाचे गाव लागते, ते इटलीचे सायकलपटू जीनो बार्ताली यांचे जन्मगाव, आणि तिथे त्यांचे संग्रहालय आहे. १९३८ आणि १९४८, अशी मध्ये दहा वर्षे जाऊन दोनदा त्यांनी ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत जिंकली. मला मात्र मधल्या वर्षांतले बार्ताली अधिक मोठे वाटतात. जर्मन सैन्याने इटली व्यापली तेव्हा सरावाच्या निमित्ताने ते फ्लॉरेन्स ते अस्सीसी अशा फेऱ्या करत, आणि सायकलीच्या नळ्यांत ज्यूंसाठी बनवलेली खोटी ओळखपत्रे लपवलेली असत. युद्धानंतर त्यांनी या गोष्टीची वाच्यता फारशी कुठे केली नाही. २०१३ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, ज्यूंच्या नरसंहाराची स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. त्यांचे प्रतिस्पर्धी फाउस्तो कोप्पी हे पोरवयात नोवी लिगुरे गावात एका खाटकाच्या दुकानाचा माल सायकलवरून घरोघर पोचवत असत, आणि त्याच गावातल्या एका अंध मालिशकाराने पुढे त्यांना घडवले. हे वाचले तेव्हा मला तुमची पहाटे चारची वर्तमानपत्रांची फेरी आठवली.

आता वाइनविषयी, कारण हा शब्द वाचून आईच्या कपाळावर आठी पडणार आहे. सायकल चालवून झाल्यावर, रात्रीच्या जेवणाबरोबर मी एक पेला घेणार आहे. हे तुमच्यापासून लपवून ठेवणे मला जमणार नाही आणि मला ते योग्यही वाटत नाही. तिथे वाइन हे शेतीचेच पीक मानतात. किआंती क्लासिको या तिथल्या वाइनमध्ये किमान ऐंशी टक्के सांजोवेझे जातीची द्राक्षे असावी लागतात, आणि बाटलीच्या गळ्याशी काळ्या कोंबड्याची खूण असते. आई, त्या कोंबड्याची दंतकथा तुझ्यासाठी. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात हद्दीचा तंटा होता. कोंबडा आरवताच दोन्हीकडून एकेक स्वार निघावा आणि दोघे भेटतील तिथे हद्द मानावी, असे ठरले. सिएनाच्या लोकांनी पांढरा कोंबडा खाऊ घालून धष्टपुष्ट केला. फ्लॉरेन्सच्या लोकांनी काळा कोंबडा अंधारात उपाशी ठेवला. भुकेने कळवळून तो उजाडण्याच्या कितीतरी आधी आरवला, आणि जवळजवळ सगळा मुलूख फ्लॉरेन्सला मिळाला. तू आधी त्या कोंबड्याची कीव करशील, हे मला ठाऊक आहे.

मामाला सांगा की तो पिंपळगावला ऑक्टोबर छाटणी करत असेल त्याच दिवसांत मी तिकडे द्राक्षांची काढणी पाहत असेन. त्याच्याकडे मांडव आहेत, तर इटलीत वेली तारांवर ओळीने उभ्या वाढवतात. मी त्याच्यासाठी जवळून फोटो काढून आणीन.

जेवणाची काळजी करू नका. किआंतीतला पाव अळणी असतो, मिठाचा कण नसतो त्यात. तो शिळा झाला की काळसर पालेभाजी आणि पांढरे घेवडे घालून त्याचे दाट सूप करतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उकळतात. त्याचे नावच रिबोल्लिता, म्हणजे ‘पुन्हा उकळलेले’. आपल्याकडे उरलेल्या भाकरीचा कुस्करा टाकून द्यायचा नाही, हा तुझा दंडक, आई. तिथल्या आयाबायांचाही तोच. लेरोइकाच्या विसाव्याच्या ठिकाणी हेच सूप देतात. पीची नावाच्या जाड शेवया तिथे हातानेच वळतात, अंड्याशिवायही करतात, आणि टोमॅटो-लसणाबरोबर वाढतात. चीजचे मात्र मी आधीच विचारून घेईन, कारण तिथल्या बहुतेक जुन्या चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. ते मी खाणार नाही. जुन्या काळी शेतावरच्या मुलांना मधल्या वेळी पावाच्या तुकड्यावर थोडी वाइन शिंपडून वर साखर भुरभुरून देत, आणि विसाव्याच्या टेबलांवर तेही ठेवलेले असते. ते वाचले तेव्हा मला तुझी तूप-साखरेची पोळीची सुरळी आठवली. बाबांच्या रॅलेच्या दांडीवरच्या छोट्या सीटवर मी ती खात जायचे, आणि पाऊस आला की बाबा रेनकोटचे पुढचे टोक माझ्या डोक्यावरून ओढून घ्यायचे. आतमध्ये रबराचा, तुपाचा आणि बाबांच्या शर्टाचा असा एकत्र वास यायचा. तो वास मला इथे कधीच मिळाला नाही.

राहायला शेतघरे आहेत. इटलीत शेतकऱ्याने पाहुणे ठेवण्याचा कायदा १९८५ सालीच झाला, आणि त्यामुळे डोंगरातली पुष्कळ जुनी घरे पडायची वाचली. खोलीला लागून न्हाणीघर आहे, चोवीस तास गरम पाणी आहे, आणि सामान गाडीतून पुढच्या मुक्कामाला पोचते. रोजचे अंतर तीस ते चाळीस किलोमीटर. आमच्या बाराजणांच्या गटात दोन बायका साठीच्या आहेत. बाकीचे काही जण जुन्या पद्धतीची चामड्याची टोपी घालतील, मी आजचे पक्के हेल्मेटच घालणार आहे.

एका गोष्टीसाठी मी पहाटे उठणार आहे. लांब मार्गाचे लोक लेरोइकाच्या दिवशी पाचच्या अंधारात निघतात, आणि ब्रोलिओच्या गढीकडे चढणाऱ्या सुरूच्या झाडांच्या वाटेवर दोन्ही बाजूंना त्यांच्यासाठी दिवे लावलेले असतात. ही गढी शतकानुशतके रिकासोली घराण्याची आहे. एकोणिसाव्या शतकात दोनदा इटलीचे पंतप्रधान झालेल्या बेत्तिनो रिकासोलींनी किआंतीची वाइन कोणत्या द्राक्षांची करावी हे इथेच ठरवले. तुमच्याबरोबर दिवाळीची पहाट यंदा होणार नाही, म्हणून मला ती दिव्यांची वाट बघायची आहे. परतताना कोमो सरोवरावरच्या टेकडीवर गिझाल्लोच्या देवीचे छोटे देऊळ पाहणार आहे. १९४९ साली पोपनी तिला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केले, आणि आत भिंतींवर मोठमोठ्या सायकलपटूंच्या सायकली आणि जर्सी टांगल्या आहेत. नवस फेडल्यासारखेच ते दृश्य असणार. आई, तिथे मी तुझ्या नावाने एक मेणबत्ती लावीन.

आता मी सांगते ते दोघांनीही नीट ऐका. रक्त पातळ करण्याची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि दाताच्या डॉक्टरांनी कितीही सांगितले तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करायची नाही. आईने आठवड्याचा डबा रविवारी भरावा आणि मला फोटो पाठवावा. अनारशांचे पीठ यंदा निम्मेच घाल, आई, आणि माळ्यावरची पितळी भांडी दादा आल्याशिवाय काढू नकोस. तुझ्या गुडघ्यांना ते स्टूल झेपत नाही. फिरायला जाताना बाबांनी फोन बरोबर न्यावा, आणि तो चालू असावा. मी इटलीतून रोज आपल्याकडच्या रात्री आठ वाजता, म्हणजे तिथल्या साडेचारला, फोन करीन. एखाद्या दिवशी डोंगरात फोन लागला नाही तर घाबरू नका, मुक्कामाला पोचल्याचा निरोप रात्री येईलच.

शेवटचे म्हणजे रॅले. बाबा, ती जिन्याखालून एकट्याने बाहेर ओढू नका. ती किती जड आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. बियांकीसाठी घेतलेले चांगले ग्रीस आणि नव्या ब्रेकच्या तारा मी डिसेंबरात बरोबर आणते. तुम्ही पायरीवर बसून सांगायचे, मी करीन. मागच्या धुऱ्याच्या बेअरिंगच्या गोळ्या किती मापाच्या आहेत ते आठवत असेल तर तेवढे मात्र फोनवर सांगून ठेवा, म्हणजे त्या इथूनच घेता येतील.

तुमची,
छकुली