विषय : हजेरीपटावरील सह्या संमती म्हणून दाखवून बदललेल्या नकाशाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,

काल दुपारी आपल्या ग्राहकसंबंध विभागाशी माझे सहावे संभाषण झाले. सातवे करण्याची माझी इच्छा नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. आपली कंपनी करीत असलेल्या आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या सुधारित नकाशात, आम्हा भाडेकरूंसाठीच्या पुनर्वसन इमारतीची चौकाकडील उघडी गॅलरी काढून तेथे बंद लॉबी घातली आहे, स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या अरुंद बंदिस्त पोकळीत, उघडते आणि आमचे प्रवेशद्वार हमरस्त्यावरून मागच्या गल्लीत गेले आहे. हे आपणच काढलेले असल्यामुळे त्याचे वर्णन करीत बसत नाही. त्यावर आमचे एकमत नव्हते, एवढे मात्र आपल्या कागदपत्रांत कोठेच दिसत नाही.

11 जानेवारी 2026 रोजी, रविवारी सकाळी, चौकात झालेल्या सादरीकरणाला 41 भाडेकरू हजर होते. गॅलरीच्या बाजूने 23 हात वर झाले, बंद लॉबीच्या बाजूने 14, आणि चौघांनी मत दिले नाही. मतभेद प्रामाणिक होता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन सुनांनी स्वच्छ सांगितले की, येणाऱ्याजाणाऱ्याने खिडकीतून डोकावून आज काय केले आहे ते विचारावे, हे त्यांना आता पुरे झाले आहे. त्यांचे म्हणणे रास्त आहे. माझ्या पत्नीचा हातही त्यांच्याच बाजूने वर गेला, आणि त्यावर आमच्या घरात झालेली चर्चा आपल्या सादरीकरणापेक्षा बरीच सविस्तर होती. शेवटी तोडगाही त्या सादरीकरणातच निघाला : गॅलरी ठेवावी, पण तिच्याकडे फक्त दार आणि स्वयंपाकघराची उंचावरची खिडकी असावी आणि झोपण्याची खोली दुसऱ्या बाजूला न्यावी. आपल्या आर्किटेक्टने हे वहीत लिहून घेतले आणि मान डोलावली.

त्यानंतर आलेल्या आपल्या पत्रात मात्र ‘सुधारित नकाशा सर्वानुमते मान्य’ असे वाक्य होते आणि सोबत 41 सह्यांची प्रत होती. त्या सह्या हजेरीपटावरच्या आहेत. आम्ही त्या आत येताना, सादरीकरणाचा पडदा लागण्यापूर्वी, एका हातात बटाटेवड्याची पिशवी धरून केल्या होत्या. जो नकाशा कोणी पाहिलाच नव्हता, तो वडा घेताना मान्य करण्याची दूरदृष्टी आम्हा 41 जणांपैकी एकातही नाही, हे मी नम्रपणे कळवू इच्छितो.

आमची इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, आणि ‘अ’ वर्गातील, म्हणजे 1 सप्टेंबर 1940 पूर्वीची आहे. विकास नियंत्रण नियमावलीतील 33(7) खाली पुनर्विकासाला लागणारी 51 टक्के भाडेकरूंची संमती आपल्याला मिळाली, त्यात माझीही सही आहे आणि ती मी विचारपूर्वक केली आहे. टॉवरला माझा विरोध नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांतून लोक 500 चौरस फुटांच्या सदनिकांत गेले, त्याचा मला आनंदच आहे. परंतु पुनर्विकासाला दिलेली संमती ही त्यानंतर आपल्या मनात येणाऱ्या प्रत्येक रेघेला दिलेली संमती नव्हे. आपल्या विक्रीच्या इमारतीतील खरेदीदारांसाठी मंजूर नकाशात किंवा सामाईक जागेत असा बदल करायचा झाला, तर रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी पूर्वसंमती घ्यावी लागते. आम्ही भाडेकरू असल्यामुळे ते कलम आम्हाला लागू नाही, असे आपल्या कार्यालयातून ऐकवण्यात आले. म्हणजे त्यांना लेखी संमती आणि आम्हाला हजेरीपट.

आता कालच्या संभाषणाविषयी. अकरा मिनिटे आपले जाहिरातगीत ऐकल्यानंतर एक तरुण प्रतिनिधी फोनवर आला. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडली तर फोडणीचा धूर कोठे जाईल, असे मी विचारले. उत्तर आले, “चिमणी लावून घ्या, काका.” गॅलरी काढल्यावर आम्हाला बाहेरचे काय दिसणार, असे मी विचारले. “व्ह्यू सेल विंगलाच आहे, काका,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, खरोखरच कुतूहल वाटल्यासारखा म्हणाला, “आणि तुमच्या खोलीतून आत्ता तरी असं काय दिसतं?”

मी त्याला सांगू लागलो. समोरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांची खिडकी रोज सहाला उघडते. 2019 च्या पावसाळ्यात एके दिवशी ती सात वाजले तरी उघडली नाही, हे आमच्या गॅलरीतून दिसले, म्हणून आम्ही चौघे धावलो, दार तोडले आणि त्यांना वेळेत रुग्णालयात नेता आले. त्या आजही सहाला खिडकी उघडतात. मी दार तोडण्यापर्यंत आलो असतानाच तो म्हणाला, “ओके काका, फीडबॅक नोंदवला आहे.” फोन बंद झाला. दोनच मिनिटांत मोबाइलवर संदेश आला की माझ्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले असून मी पाच तारे द्यावेत. त्या मुलावर माझा राग नाही. समोरचा म्हातारा बोलत असताना किती सेकंदांनी फोन ठेवायचा, हे त्याला आपणच शिकवले असणार.

चौकाबद्दलही लिहिणे भाग आहे. जवळच्याच केशवजी नाईक चाळीत 1893 पासून गणपती बसतो. आमच्या चौकाचा इतिहास इतका मोठा नाही, पण आमचा गणपतीही चौकातच बसतो. नव्या नकाशात त्या जागी पोडियम आहे आणि त्याचा जिना फक्त विक्रीच्या इमारतीतून आहे. मूर्ती आणायची कोठून, हा प्रश्न सादरीकरणात विचारला होता. तोही बहुधा सर्वानुमते मान्य झाला असावा.

आपल्या प्रतिनिधीने मागील महिन्यात म्हाडा कायद्याच्या कलम 95-अ चा उल्लेख ‘सहज’ केला होता. पुनर्विकासाला सहकार्य न करणाऱ्या भाडेकरूला खोलीबाहेर काढता येते ते हे कलम, हे मला माहीत आहे. मी पुनर्विकास अडवणाऱ्यांपैकी नाही. मी त्या 51 टक्क्यांतला आहे. तरीही तोडग्याप्रमाणे दुरुस्त केलेला नकाशा कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारास जोडून नोंदला जाईपर्यंत मी खोलीची चावी देणार नाही, आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास तो हजेरीपट, आपल्या पत्रासह, अर्ज करून म्हाडाच्या दुरुस्ती मंडळापुढे ठेवीन. मत न दिलेल्या चौघांपैकी तिघांनी, आणि बंद लॉबी मागणाऱ्या दोन्ही सुनांनी, त्या अर्जावर सही केली आहे. या वेळी वाचून.

आणखी एक. मेट्रोचे गिरगाव स्थानक सुरू झाल्यावर आपण काढलेल्या विक्रीच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ‘अस्सल गिरगाव, आता नव्या उंचीवर’ असे छापले आहे, आणि त्याखाली छायाचित्र आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचे आहे. आपण जी काढून टाकली, तीच. कठड्यावर डावीकडे वाळत असलेली निळी चादर आमची आहे. ते छायाचित्र काढून टाकावे.

एक भाडेकरू,
दुसरा मजला, गिरगाव