प्रयोगशाळेतली जोखीम एप्रिलमध्येच मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या शाळांना उन्हाळी सुट्ट्या लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत. जूनच्या अखेरीस शाळा पुन्हा उघडेपर्यंत विज्ञानाच्या प्रयोगशाळेला कुलूप असेल, खिडक्या बंद असतील आणि खेड्यातल्या बऱ्याच शाळांत वर टिनाचे छप्पर असेल. बाहेर ४५ अंश तापमान असताना त्या खोलीत किती असते, हे कोणी मोजत नाही. मग जूनमध्ये कुलूप निघाले की सुरक्षेचा एक छापील नमुना भरून फायलीला लागतो. प्रयोगशाळेच्या जोखमीचे मूल्यमापन हे जूनचे नव्हे, एप्रिलचे काम आहे. ते कसे करावे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी त्या छापील नमुन्याविषयी. त्यात विचारलेले असते: धूर ओढून घेणारे कपाट आहे का? डोळे धुण्याचे यंत्र आहे का? खेड्यातल्या शाळेचे उत्तर 'नाही' आणि 'नाही'. खाली सही होते, काम संपते. नसेल तर त्याऐवजी काय करणार, हा खरा प्रश्न नमुन्यात नसतोच. दुसरी चूक म्हणजे मूल्यमापन खोलीचे केले जाते. खोली रिकामी असताना तिच्यात फारसे काही घडत नाही. मूल्यमापन प्रयोगाचे व्हायला हवे. आठवी ते दहावीचे (आणि असतील तर अकरावी-बारावीचे) सगळे प्रयोग वहीत लिहून काढा. प्रत्येकापुढे लिहा: कोणता पदार्थ, किती मिलिलिटर, मुलाच्या हातात की फक्त शिक्षकाच्या, नेमक्या कोणत्या क्षणी काय बिघडू शकते, तसे झाले तर पहिल्या मिनिटात कोण काय करणार आणि शेवटी काय उरते, ते कुठे जाते. एका प्रयोगाला एक पान पुरते. शक्यतेला पाचपैकी गुण, परिणामाला पाचपैकी गुण आणि दोघांचा गुणाकार, अशी रीत प्रशिक्षणात शिकवतात. ती चुकीची नाही. पण आकडा सहा आला की बारा, यावर वाद घालण्यात वेळ जातो आणि उपाय राहून जातो. ही पाने शिक्षकाने एकट्याने लिहू नयेत. बाटली रोज हाताळणारा परिचर शेजारी बसलेला हवा. कोणते झाकण अडकते आणि कोणता नळ गळतो, हे त्यालाच ठाऊक असते.

आता एप्रिलच का, ते पाहा. ईथर ३४.६ अंशाला उकळते, कार्बन डायसल्फाइड ४६ अंशाला. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीत ही बाटली म्हणजे उकळीला आलेले भांडेच. या दोन बाटल्या शालेय प्रयोगशाळेत असूच नयेत. असतील तर सुट्टीआधीच त्यांची रवानगी ठरवा, आणि जुन्या ईथरचे झाकण मात्र कोणीही फिरवू नये. ईथर वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होते. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड उष्णतेने विघटित होऊन ऑक्सिजन सोडते आणि घट्ट झाकणाची बाटली फुगते. सोडियमवरचे रॉकेल हळूहळू उडून जाते, म्हणून कुलूप लावण्याआधी पातळी पाहून भर घाला. कांडी पूर्ण बुडालेली हवी.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती लायकर अमोनियाची, म्हणजे अमोनिया वायूच्या पाण्यातल्या तीव्र द्रावणाची. ही बाटली वर्षभर निरुपद्रवी वाटते. उन्हाळ्यात पाण्यातला वायू बाहेर पडून झाकणाखाली दाब धरतो, आणि जूनमध्ये कोणी झाकण फिरवले की फवारा सरळ तोंडावर येतो. अमोनिया डोळ्याच्या आत फार लवकर शिरतो, आम्लापेक्षाही. म्हणून अडीच लिटरची बाटली घेऊच नका, ५०० मिलिलिटरची घ्या. उघडायची असेल तेव्हा सकाळी उघडा. आधी बाटली अर्धा तास थंड पाण्याच्या बादलीत उभी ठेवा, बर्फ मिळाला तर उत्तम. चष्मा आधी, झाकण नंतर. झाकणावर ओले फडके टाकून पाव फेरा फिरवा, थांबा, दाब जाऊ द्या, मग पुढचा पाव फेरा. तोंड बाजूला, खिडकी उघडी, मुले बाहेर. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकाच आलमारीत आहेत का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. आलमारीतल्या सगळ्या बाटल्यांवर पांढरी भुकटी बसलेली दिसते. ती धूळ नव्हे, अमोनियम क्लोराइड आहे. दोन्ही बाटल्यांची झाकणे वायू सोडतात, याचा तो पुरावा.

आम्लाच्या वाफा लोखंडी आलमारीच्या फळ्या आणि त्यांना धरणाऱ्या पट्ट्या आतून खातात. वरून रंग चांगला दिसतो आणि एके दिवशी भरलेली फळी खाली येते. म्हणून आम्ले सर्वांत खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या टबात ठेवा. नायट्रिक आम्लाचा टब वेगळा हवा, स्पिरिट आणि लाकडी भुशापासून लांब. कडप्प्याचा ओटा किंवा मांडणी मजबूत वाटते, पण कडप्पा चुनखडीचा दगड आहे. आम्ल सांडले की फसफसतो आणि खडबडीत होतो. त्यावरही टब लागतोच. पावसाळ्यात खालच्या कप्प्यात हात घालण्याआधी टॉर्च मारून पाहा. साप आणि विंचू आमच्याकडच्या प्रत्येक भांडारघरात येतात, आणि दचकलेल्या हातातूनच बाटली पडते.

पाण्याचे गणित तर प्रत्येक शाळेने स्वतः मांडावे. डोळ्यात आम्ल किंवा अल्कली गेले तर किमान १५ मिनिटे सतत धुवायचे, असे सगळीकडे लिहिलेले असते. मिनिटाला दीड लिटर धरले तरी साडेबावीस लिटर पाणी झाले. नळ दोन दिवसांआड येतो, बोरवेलला वीज लागते आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी एप्रिलमध्ये हाताला चटका देते. त्या पाण्याने डोळा धुता येत नाही आणि भाजलेला हात थंडही करता येत नाही. उपाय गावातच आहे. लग्नात थंड पाण्याचे तोटीवाले २० लिटरचे कॅन येतात. तसे दोन कॅन स्टुलावर, मुलाच्या खांद्याच्या उंचीवर ठेवा. तोटीला हातभर मऊ रबरी नळी लावा. ज्या डोळ्यात गेले तो खालच्या बाजूला येईल असे डोके वळवून पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि धार नाकाकडून बाहेर सोडा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. कॅनवर 'फक्त डोळ्यांसाठी' असे ठळक लिहा, नाहीतर मधल्या सुट्टीत मुले ते पिऊन टाकतात आणि प्रयोगाच्या वेळी कॅन कोरडा निघतो. पाणी दर सोमवारी बदला. धुणे सुरू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. आम्ल सांडलेल्या कातडीवर सोडा लावू नये, भाजल्यावर टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये. २० मिनिटे साधे, वाहते पाणी द्यावे. काही पोटात गेले असेल तर ओकारी काढायला लावू नये.

आग लागते ती बहुधा स्पिरिटच्या दिव्याने. त्याची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. दिवा विझला असे समजून मूल त्यात बाटलीने स्पिरिट ओतते, ज्योत धारेवरून चढते आणि बाटली हातातच पेट घेते. यावर 'काळजी घ्या' ही सूचना कामाची नाही. बाटलीच वर्गात नको. दिवे परिचराने तासाआधी बाहेर भरावेत, दोनतृतीयांशपेक्षा जास्त नाही. पाव भागाखाली आलेला दिवा पेटवूच नये, कारण रिकाम्या जागेत वाफ आणि हवा यांचे पेट घेणारे मिश्रण साचते. तासात संपला तर तो दिवा संपला, दुसरा घ्या. एका दिव्यावरून दुसरा पेटवू नये, फुंकून विझवू नये, टोपी ठेवावी. ओढणी मागे बांधलेली, केस बांधलेले आणि गणवेश टेरिकॉटचा असेल तर वरून सुती ॲप्रन. पायात चप्पल असलेले मूल आम्लाच्या टेबलावर नको. विझवायला वाळूची बादली आणि पावडरचे अग्निशामक नळकांडे दारापाशी हवे. सोडियम पेटला तर फक्त कोरडी वाळू. ओली नको, पाणी तर नकोच.

पंख्याखाली ज्योत हलते आणि पंखा बंद केला तर एप्रिलमध्ये ६० मुलांच्या वर्गात घेरी येते. म्हणून प्रयोगांचे वेळापत्रकच हवामानाप्रमाणे लावा. ज्योतीचे आणि वायू सोडणारे प्रयोग जुलै ते जानेवारीत उरका. मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत भिंग, आरसा, चुंबक आणि सूक्ष्मदर्शक ठेवा. ही तजवीज फुकट आहे आणि कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त जोखीम कमी करते. मुलांच्या २०-२० च्या गटांचे तेच. आणि मागचे दार मोडक्या बाकांनी अडवलेले असेल तर ते आजच मोकळे करा.

विजेबद्दल दोनच गोष्टी. वीज गेली की आधी बोर्डावरची सगळी बटणे बंद. नाहीतर रात्री ती परत येते आणि हॉट प्लेट रिकाम्या खोलीत तापत राहते. दुसरी गोष्ट अर्थिंगची. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी होते आणि मातीचा रोध वाढतो. पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरते. खड्ड्यात पाणी घालत राहा, आणि प्रयोगशाळेच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवा. एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी कळ) वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी. त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

लेबलांच्या बाबतीत आपल्या मुलांना एक गोष्ट आधीच ठाऊक आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण त्यांनी घरच्या कोठ्यात पाहिलेला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे इथल्या घरांना विसरता आलेले नाही. त्या त्रिकोणापासून सुरुवात करून रसायनांवरची चिन्हे शिकवली तर ती डोक्यात बसतात. मात्र त्रिकोण फक्त विषारीपणा सांगतो, पेट घेणे आणि कातडी जाळणे सांगत नाही, हेही त्याच तासाला सांगायला हवे. प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता आणि भरल्याची तारीख असावी. थंड पेयाच्या बाटलीत कोणतेही रसायन भरू नये, एका तासापुरतेही नाही. रिकामी बाटली तीनदा धुऊन, लेबल फाडून, प्लास्टिकची असेल तर भोक पाडूनच भंगारात द्यावी, कारण त्याच बाटलीत पुढे कोणीतरी गोडे तेल भरते.

हे सगळे परिचराच्या गळ्यात बांधून चालणार नाही. कित्येक शाळांत ते पदच रिकामे आहे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या नियमांनी जोखमीचे मूल्यमापन ही नोकरी देणाऱ्याची, म्हणजे शाळा चालवणाऱ्याची जबाबदारी ठरवली आहे, आणि पाच किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यातल्या महत्त्वाच्या नोंदी लिहून ठेवणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही प्रत्येक पानावर मुख्याध्यापकाची सही असावी, आणि 'आरसीसीबी बसवणे' असे लिहिले असेल तर त्यापुढे तारीख आणि पैसे कुठून येणार तेही असावे. पान शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. शिक्षक बदलला, रसायन बदलले किंवा थोडक्यात बचावलो असे काही घडले की ते पान पुन्हा लिहायचे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही शाळेच्या हातात नाही. शिसे, बेरियम आणि क्रोमियमचे उरलेले द्रावण, फुटक्या थर्मामीटरचा पारा, मुदत संपलेल्या बाटल्या यांचे करायचे काय? नालीत ओतले तर तेच पाणी गुरे पितात. परीक्षणनळीत पाच मिलिलिटरऐवजी टाइलवर दोन-तीन थेंबांत प्रयोग केला तर हा कचरा कितीतरी कमी होतो, तरी उरतो तो उरतोच. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे, पण एका शाळेच्या चार बाटल्यांसाठी तिथून गाडी येणे शक्य नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, तालुकावार अशा बाटल्यांची यादी मागवावी आणि एकत्र उचल करण्याची सोय करावी, ही आमची मागणी आहे. यादीचा नमुना एका पानाचा पुरे: पदार्थाचे नाव, अंदाजे प्रमाण, बाटलीची स्थिती. ईथर असेल तर त्यापुढे लाल शाईत 'हलवू नये' असे लिहावे.

आपले,
माध्यमिक शाळांतील काही विज्ञान शिक्षक व प्रयोगशाळा परिचर
जि. यवतमाळ