निवृत्त शिक्षकांना पुन्हा वर्ग द्या

महोदय,

राज्यातील शाळांतून शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. शाल-श्रीफळ मिळते, निवृत्तिवेतनाचे कागदही यथावकाश मार्गी लागतात, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी कोणासाठी आवरायचे, हे कोणी सांगत नाही. ‘आता आराम करा’ हा सल्ला देणाऱ्यांनी आयुष्यभर घंटेच्या तालावर चाललेल्या माणसाची दुपार पाहिलेली नसते.

मला वाट सापडली ती परळच्या आमच्या इमारतीतच. घरकामाला येणाऱ्या दोन बाई काम आटोपल्यावर पाटी घेऊन बसतात. ‘सूर्य’ लिहिताना रफार नेमका कोणत्या अक्षरावर द्यायचा, यावर आमचा अर्धा तास जातो आणि तो माझ्या दिवसातील सर्वांत चांगला अर्धा तास असतो.

केंद्राचा २०२२ ते २०२७ या काळातील ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी असून तो स्वयंसेवकांवरच अवलंबून आहे. मुंबईत निवृत्त शिक्षकांची वाण नाही. महापालिकेने प्रभागनिहाय त्यांची नोंद करून त्यांना अशा वर्गांशी आणि रात्रशाळांशी जोडून द्यावे. मानधनाचा प्रश्न नंतर पाहता येईल, आधी खडू हातात येऊ द्या.

– एक निवृत्त शिक्षिका, परळ, मुंबई