मान्सूनपूर्व कामांच्या यादीत दुकानातला कॉम्प्युटर पण घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की तुमच्या पेपरात मान्सूनपूर्व कामांच्या बातम्या सुरू होतात. गटारं उपसली का, वीजतारांवरच्या फांद्या छाटल्या का, साखळीतले पंप चालू आहेत का, सगळं येतं आणि यायलाच पाहिजे. पण बाजारात बसलेल्या आमच्यासारख्यांचा अख्खा धंदा ज्या एका डब्यात भरलेला असतो त्या कॉम्प्युटरचं पावसाळ्यात काय होणार, यावर मी आजवर एक ओळ वाचलेली नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण पेन ड्राइव्हचा भाग तेवढा ठेवा.

मी डिचोलीत बिस्किटं, फरसाण, साबण असल्या मालाची एजन्सी चालवतो. डिचोली, साखळी आणि वाळपईच्या लाइनवर मिळून पावणेदोनशे दुकानं. माल उधारीवर जातो, पैसे कोणाचे पंधरा दिवसांनी, कोणाचे महिन्यानं, आणि काहींचे सरळ चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर. म्हणजे माझं भांडवल गोदामात दिसतं तेवढं नाही, निम्म्याच्या वर ते टॅलीतल्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हिशोबाच्या प्रोग्राममधल्या, उधारीच्या यादीत आहे. ही गोष्ट मला पंचवीस वर्षं धंदा करून कळली नव्हती, गेल्या जूनमध्ये एका सकाळी कळली.

आदल्या रात्री गडगडाट जोरात होता, लाइट गेली, आली, परत गेली, असं तीन-चार वेळा झालं, आणि आमच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती हे तेव्हाच समजायचं होतं. सकाळी कॉम्प्युटर लावला तर काळ्या स्क्रीनवर एक इंग्रजी ओळ आणि आतून टक टक टक आवाज. आम्ही काय केलं, बंद करून परत लावला. परत टक टक. बाजूचा मोबाईल रिपेअरवाला आला त्यानं लावून बघितला, मग भाचा आला त्यानं लावला, दुपारपर्यंत पंधरा-वीस वेळा तरी चालू-बंद केला असेल. नंतर मुंबईच्या रिकव्हरीवाल्यानं फोनवर सांगितलं की हार्ड डिस्क असा आवाज करायला लागली की वायर काढायची आणि हात लावायचा नाही, कारण आतली सुई तबकडीवर घासत असू शकते आणि प्रत्येक वेळी चालू केलं की आणखी चरे पडू शकतात. आमच्या डिस्कमधून त्यांना काही फोटो मिळाले. भाचीच्या बारशाचे. टॅली नाही.

तरी मी त्या सकाळी घाबरलो नव्हतो बरं का. बॅकअप होता ना! अकाउंट बघणारा आमचा मुलगा, मेहनती आणि सरळ, रोज संध्याकाळी देवाला दिवा लावतात तसा न चुकता लाल रंगाचा पेन ड्राइव्ह लावायचा, कॉपी करायचा, काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. चौदा महिने. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, आत टॅलीच्या नावाचं एक पिवळं फोल्डर, डबल क्लिक केलं तर म्हणे मिळत नाही. साइज बघितली. एक केबी. मग भाच्यानं बोट ठेवून दाखवलं, त्या पिवळ्या चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात इवलासा बाण होता. म्हणजे ते फोल्डर नव्हतंच, डेस्कटॉपवरचा शॉर्टकट होता. चौदा महिने आम्ही रोज घराची नुसती पाटी कॉपी करत होतो, घर तिथेच होतं.

दुसरा बॅकअप पण होता, टॅलीतून घेतलेला रीतसर, तो डी ड्राइव्हमध्ये जायचा. सी वेगळा डी वेगळा असंच मी समजत होतो. डिस्क एकच, भिंत घालून दोन खोल्या केलेल्या, घर पडलं की दोन्ही पडल्या.

मुलाला मी रागावलो नाही. चौदा महिन्यांत एकदा तरी तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर लावून बिलं उघडतात का हे बघायचं काम मालकाचं होतं, माझं.

पुढचे अडीच महिने काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग होईल. आमचे सीए म्हणाले, घाबरू नका, जीएसटीच्या पोर्टलवर बरंच सापडेल. आणि सापडलं पण! आपण भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, जीएसटी नंबर असलेल्या दुकानांची बिलं एकेक करून दिसतात, नंबर, तारीख, रक्कम सगळं. खरेदीचं जीएसटीआर-२बी मधून आलं. पण माझी निम्मी गिऱ्हाइकं छोटी, नंबर नसलेली, त्यांची विक्री तिथे नुसती एकूण बेरीज म्हणून जाते, कोणाला किती ते नाही. आणि मुख्य म्हणजे बिल कितीचं ते सरकारकडे आहे, पैसे आले की नाही ते सरकारला काय माहीत. बँकेच्या स्टेटमेंटवरून यूपीआयचे जमा लावले, त्यातही निम्म्या ठिकाणी दुकानाचं नाव नाही, मालकाच्या बायकोचं नाही तर मुलाचं. रोख वसुली होती ती लाइनवरच्या सेल्समनच्या खिशातल्या डायरीत, आणि ती डायरी जूनमध्ये स्कूटरवर भिजून तिची पानं चिकटलेली. ती आम्ही पंख्याखाली वाळवून ब्लेडनं सोडवली.

मग दुकानोदुकानी फिरलो. एकानं दाराशीच सांगितलं, "हांवें तुका चवथी आदींच दिल्ले न्हय रे!" कुठली चवथ, मागच्या वर्षीची? वाद घालायला माझ्याकडे कागद नव्हता, गप्प बसलो. आणि वाळपईला एक म्हातारी आहे, टपरीवजा दुकान, तिनं पाटाखालून शाळेची शंभर पानी वही काढली, पेन्सिलनं लिहिलेली, तिच्या वहीत माझ्या अंदाजापेक्षा ८४० रुपये जास्त निघाले आणि ते तिनं तिथल्या तिथे मोजून दिले. माझ्या सगळ्या धंद्याचा खरा चाललेला बॅकअप कोणाकडे असेल तर तो तिच्याकडे होता! बाकी लाख-सव्वा लाखाचा हिशोब अजून लागायचाय, लागेल असं वाटत नाही.

यानंतर मी या विषयावर जरा वाचायला लागलो, सीएंना छळलं. तेव्हा कळलं की हे आपल्या मर्जीवर सोडलेलं काम नाहीच. केंद्राच्या जीएसटीच्या, म्हणजे सीजीएसटीच्या, नियम ५७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड ठेवत असाल तर त्याचा बॅकअप असा ठेवा की अपघातात किंवा नैसर्गिक कारणानं मूळ रेकॉर्ड गेलं तरी वाजवी वेळेत माहिती परत उभी करता आली पाहिजे. परत उभी करता आली पाहिजे, हे शब्द महत्त्वाचे. नुसता घेतला म्हणून चालत नाही. आणि हिशोब ठेवायचे किती दिवस, तर वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. कंपनी असेल तर २०२२ पासून बॅकअप रोजचा रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा. आमच्या बाजारात हे किती जणांना ठाऊक आहे मला शंका आहे, मला नव्हतं.

आता कोणी म्हणेल पावसाची भीती कशाला, तर २०२१ च्या २३ जुलैचा पूर सत्तरी-डिचोलीतल्या माणसाला सांगायला नको. पाणी दुकानात शिरतं तेव्हा पहिलं काय बुडतं? टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला सीपीयू, त्याच्या बाजूचा यूपीएस आणि खालच्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क. तिन्ही एकाच फुटात. मोठ्यांचं पण असंच होतं. २०२२ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, आपल्या गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर निरीक्षण यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर आलं होतं, फाइली कुलूपबंद आणि बिटकॉइनमध्ये पैसे मागितलेले, नद्यांवरच्या १५ ठिकाणांची माहिती त्यात अडकली. दक्षिण कोरियात तर २०२५ च्या सप्टेंबरात सरकारी डेटा सेंटर जळालं आणि सरकारी नोकरांच्या फाइलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला, बॅकअप नव्हता, कारण काय तर साठा फार मोठा आहे म्हणून बाहेर कॉपी ठेवली नव्हती. म्हणजे आपण लहान म्हणून करत नाही आणि ते मोठे म्हणून करत नाहीत.

आणि ही अक्कल गोव्यात नवी आहे असंही नाही. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज काळातले मॉन्सून बुक्स आहेत, लिस्बन आणि गोव्यामधला पत्रव्यवहार. त्या काळी महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या जहाजांतून पाठवायचे, पहिली प्रत, दुसरी प्रत असं वर लिहून, एक जहाज बुडालं तरी दुसरं पोचेल. आजचे कॉम्प्युटरवाले ३-२-१ म्हणतात, तीन प्रती, दोन प्रकारच्या वस्तूंवर, एक दुसऱ्या जागी, आणि हा नियम प्रसिद्ध केला तो पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं. जहाजवाल्यांना तो आधीच ठाऊक होता.

एक गैरसमज मात्र बाजारात फार आहे तो सांगतोच. "माझं सगळं गुगल ड्राइव्हवर असतं, मला काळजी नाही." अहो तो सिंक आहे, आरसा आहे. इथे फाइल डिलीट झाली की तिथेही जाते, इथे व्हायरसनं खराब केली की खराब झालेलीच वर चढते. गुगल ड्राइव्हच्या बिनमध्ये ३० दिवस राहते, त्याच्या आत लक्षात आलं तर ठीक. आणि ते अकाउंट कोणाच्या मोबाईल नंबरवर उघडलंय ते पण बघा, आमचं दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या नंबरवर होतं, तो आता दुबईत.

मी आता काय करतो तर आधी दोनच गोष्टी ठरवल्या, किती दिवसांची एन्ट्री मी परत मारू शकतो आणि किती दिवस कॉम्प्युटरशिवाय बिलं फाडू शकतो. माझं उत्तर, एका दिवसाची आणि दोन दिवस. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात तेही नाही. त्यावरून पुढचं आपोआप ठरलं. रोज संध्याकाळी टॅलीतून बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, झाला की वायर काढायची, कारण लावून ठेवलेली डिस्क व्हायरस पण खातो आणि वीज पण. अशा दोन डिस्क, एक दुकानात आणि एक घरी, दर सोमवारी अदलाबदल. घर डोंगराच्या बाजूला आहे, तिथे पाणी यायचं झालं तर मग डिचोलीच राहणार नाही. डिस्क स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आपल्याकडच्या दमट हवेत चपलेलाही बुरशी येते. तिसरी प्रत क्लाउडवर, माझ्या नंबरवर. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतल्या डेटाच्या कुलपाचा, पासवर्ड लिहून देवघरातल्या डब्यात, कारण तो विसरलात तर टॅली कंपनी पण काढून देऊ शकत नाही.

आणि दर संकष्टीला, आई चंद्रोदयाची वाट बघत असते तेवढ्या वेळात, बायको घरच्या जुन्या लॅपटॉपवर घरच्या डिस्कमधला बॅकअप रिस्टोर करते, म्हणजे त्यातून हिशोब परत उभा करते. चालू डेटाच्या फोल्डरमध्ये नाही हं, वेगळं रिकामं फोल्डर करून, नाहीतर जुना बॅकअप नव्यावर बसतो आणि आजचं काम पुसतो, असं केलेले दोघे मला माहीत आहेत. उघडलं की शेवटच्या बिलाचा नंबर आणि कोणत्याही दोन दुकानांची बाकी ती मला फोनवर वाचून दाखवते, मी दुकानातल्या स्क्रीनवर शेवटच्या अदलाबदलीच्या दिवसाच्या आकड्यांशी जुळवतो. वीस मिनिटं. पहिल्याच संकष्टीला जुळलं नव्हतं, आठ दिवस जुना निघाला, घरची डिस्क बदलायची मीच विसरलो होतो.

माझं म्हणणं एवढंच की व्यापारी संघटनांनी मे महिन्यात एक दिवस ठरवून दुकानदारांकडून हे रिस्टोर करून घ्यावं, भाषणं नकोत. वार्षिक मेंटेनन्सचे पैसे घेणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांकडून पण करारात लिहून घ्या की तीन महिन्यांतून एकदा बॅकअप उघडून दाखवायचा, नुसतं धूळ पुसून सही घ्यायची नाही. आणि पेपरानं मान्सूनपूर्व कामांच्या यादीत गटारांच्या खाली ही पण एक ओळ छापावी.

डिचोली बाजारातल्या कोणाला पहिल्यांदा करून बघायचं असेल तर येत्या संकष्टीला चारनंतर आमच्या दुकानात या, लॅपटॉप माझा, चहा माझा. येताना डिस्क आणि तिची वायर आणा, आणि पासवर्ड घरूनच आठवून या.

आपला,
एक बिस्किटवाला, डिचोली