रविवारी राणीच्या बागेत जाल तेव्हा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

उद्या बाबा पंचवटीने निघतायत. हे पत्र त्यांच्या बॅगेत, लाडवांच्या डब्याखाली ठेवतेय. फोनवर बोलायला लागले की पेपरच्या आडून सगळं ऐकत बसतात, म्हणून लिहिलं.

आधी त्यांनी बुधवार ठरवला होता, गर्दी नसते म्हणे. कशी असेल, बुधवारी राणीची बाग बंदच असते! तर आता रविवार. भायखळ्याला लोकलने जायचं नाही, गाडी करा. ते म्हणतील, रविवारची लोकल रिकामी असते, पुलाला पायऱ्या त्या कितीशा. ऐकू नकोस. मागच्या आठवड्यात पांडवलेण्याला गेलो होतो. खाली नेहरू वनोद्यानातच बसू म्हटलं, तर यांना वरपर्यंत जायचंच होतं. निम्म्या पायऱ्यांवर सँडलचा पट्टा लावायला म्हणून बसले. पट्टा काढला, लावला, परत काढला, परत लावला. वारा चांगला सुटला होता आणि यांच्या कानामागून घाम ओघळत होता. मी पाण्याची बाटली पुढे केली, बोलले काही नाही. डॉक्टरांनी सपाटीवर हळू चाला म्हणून सांगितलंय, यांनी त्यातलं नेमकं 'चाला' तेवढं ऐकलंय.

घाबरू नकोस. रिपोर्ट चांगले आहेत, झोप आहे, भूक तर माझ्यापेक्षा जास्त आहे. हा विषय आता पुरे.

पेंग्विनचा त्यांनी अभ्यास केलाय. 2016 साली सेऊलहून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेतच, हे कट्ट्यावर सगळ्यांना सांगून झालंय. ईशूलाही सांगतील, कंटाळली तरी सांगू दे. शेजारच्या काकू म्हणाल्या, बिबट्या जयभवानी रोडला फुकट येतो की, तिकीट काढून मुंबईला कशाला जाता?

तुला पहिल्यांदा नेलं ते आठवतं? प्रेसचा ओव्हरटाइम हातात आला होता. पाणघोड्याने जबडा उघडल्यावर तू सगळ्या शंकरपाळ्या त्याला द्यायला निघालीस, आणि देऊ दिल्या नाहीत म्हणून तिथेच फतकल मारलीस. मग बाबांनी तुला खांद्यावर घेतलं ते फाटकापर्यंत उतरवलं नाही. मधे म्युझियमपाशी घारापुरीच्या दगडी हत्तीसमोर थांबून, तो उचलताना कसा फुटला आणि मग तुकडे कसे जोडले, ही सगळी कथा तू खांद्यावर असतानाच सांगितली. मी पिशव्या धरून उभी. आता ईशूही खांद्यावर बसायचा हट्ट करील. करू देऊ नकोस. सहा वर्षांची घोडी आहे ती.

आणि तू. सुजितराव बोटीवर, रविवारीही तुझा लॅपटॉप उघडा, जेवण उभ्या उभ्या. मागच्या वेळी आलीस तेव्हा गळ्याची हाडं दिसत होती. माणसाने कामाला नाही म्हणायला शिकावं, आपल्याशिवाय कुणाचं ऑफिस बंद पडत नाही, आणि एकदा का तब्येत... जाऊ दे. सुरू झाले मी परत. रागावू नकोस. एकटीने घर, पोर, नोकरी कशी ओढतेस ते दिसतं मला. परवा भिशीत तुझ्या प्रमोशनचं मीच सांगितलं, कुणी विचारलंही नव्हतं.

बागेत सावली भरपूर आहे, मोठा गोरखचिंच आहे, जागोजागी बसायला बाकं आहेत. "बाबा, बसा" म्हटलंस तर बसायचे नाहीत. तूच बस, म्हण माझे पाय दुखतायत. मग बसतील. जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात असायला हवी, हे ती पँटच्या खिशात चिल्लरबरोबर टाकतात. घरातून निघतानाच बघ. बोलताना मधेच गप्प झाले, किंवा एखाद्या पिंजऱ्यापुढे उगीच रेंगाळले, तर प्राणी बघतायत असं समजू नकोस. अक्काचंही असंच असायचं, दर वेळी काहीतरी निमित्त.

लाडू डिंकाचे आहेत, ते तुझ्यासाठी. बाबांना एकच दे. चिवडा ईशूला कमी तिखटाचा, वेगळ्या पुडीत.

गाडीभाड्याचे पैसे त्यांच्या पाकिटात आतल्या कप्प्यात घातलेत. विचारलंस तर म्हणतील, आईने काही दिलेले नाहीत, लोकलनेच जाऊ. दिलेत. जायचे-यायचे दोन्ही.

तुझी,
आई